वजनकाटा शून्यावर येईना

१ डिसेंबर, सोमवार

आज प्रार्थनेनंतर धुमाळ सरांनी सगळ्या शाळेसमोर माझं नाव घेतलं. आरोग्य मेळाव्याची विद्यार्थी प्रमुख, रुचिका, नववी अ. वर्गातल्या कल्पेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याला तक्ते लावायचं आणि साउंडचं काम मिळालं, म्हणजे तो माझ्या हाताखाली आला. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

म्हणून आजपासून ही डायरी. दाऊदचाचांना सुताचे व्यापारी दरवर्षी डायऱ्या देतात, त्यातली ही मागच्या वर्षीची कोरी अतियाने मला दिली. वार जुळत नाहीत, ते मी खोडून लिहिते. दाऊदचाचा म्हणजे अतियाचे अब्बा. त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना शाळेच्या भिंतीला लागूनच आहे आणि माझे बाबा तिथेच कामाला आहेत. अतिया मालकाची मुलगी आणि मी कामगाराची, पण तिची गणितं मी सोडवते, त्यामुळे ती माझ्यापुढे फार टेचात वागत नाही.

मेळावा १९ तारखेला, शुक्रवारी. सर रविवार म्हणत होते. सर साताऱ्याचे, राहतात कल्याणला. आपल्याकडे लूम शुक्रवारी बंद असतात आणि रविवारी आमची सगळी नारपोली वस्ती ड्युटीवर असते, हे मुख्याध्यापक होऊनही त्यांना दरवेळी सांगावं लागतं. सकाळी सुरू करायचं, जुम्म्याच्या नमाजाआधी संपवायचं. एक डॉक्टरीणबाई येणार आहेत. वजन, रक्तदाब, छातीची तपासणी आणि मग सगळ्यांचा एकत्र व्यायाम.

खरं कारण फक्त इथे लिहिते. बाबा दिवाळीपासून खोकतायत. शर्ट खांद्यावरून उतरतो. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, "मला काय झालाय? रुई हाय ती घशान. येते, जाते." आई रोज संध्याकाळी त्यांचा शर्ट गॅलरीत झटकते, तेव्हा पांढऱ्या रुईचा ढग उठतो. तेवढीच रुई आत पण जात असणार ना? तेव्हा मेळावा बाबांसाठी आहे. बाकीची नारपोली आपली सोबतीला.

३ डिसेंबर, बुधवार

जागेवरून आज भांडण झालं आणि मी जिंकले.

सरांच्या मनात मैदान होतं. अतिया म्हणाली, "सर, अम्मी लोकं मैदानात हात-पाय नाही हलवणार. रस्त्यावरून सगळे बघतात. वर हॉलमध्ये असेल तर आमच्या गल्लीतल्या सगळ्या येतील." बरोबरच आहे तिचं. माझी आईसुद्धा उघड्यावर उड्या मारणार नाही. सर म्हणाले, हॉलमध्ये एवढी माणसं कधी बसवली नाहीत. मी म्हटलं, सर, बायकाच आल्या नाहीत तर तो कसला सगळ्यांचा मेळावा? सरांना हे वाक्य फार आवडलं. त्यांना अशी वाक्यं आवडतात, मला माहीत आहे.

हॉल तिसऱ्या मजल्यावर. शाळा आधी दोनच मजली होती, माजी विद्यार्थ्यांनी वर हॉल बांधून दिला. त्याच्या खाली कॉम्प्युटरची खोली. मागच्या मे महिन्यात मधली भिंत काढून दोन वर्गांची ती एक खोली केली आणि मध्ये येणारा खांब चारी बाजूंनी तासून बारीक केला. आता शेवटच्या बाकावरूनही फळा दिसतो. आमच्या शाळेत हल्ली बऱ्याच सुधारणा होतायत.

संध्याकाळी मी आणि अतिया हॉल बघून आलो. मधोमध उडी मारली की फरशी मस्त झोका देते, खाटेवर उड्या मारल्यासारखं वाटतं. पाय अजिबात दुखत नाहीत. अतिया म्हणाली, मोठ्या स्टेडियममध्ये मुद्दाम असं करतात. आम्ही घामाघूम होईपर्यंत उड्या मारल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

बाबा घरी. लूम बंद असले की गल्ली इतकी शांत होते की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात झाल्यासारखी वाटते.

बाबांचा चहाचा कप हातात थरथरत होता. मी घाबरून विचारलं. बाबा हसले. "लूम बंद झाला तरी आंगातला लूम चालूच रहातो, बाय. शुक्रवारी तर लय कळतो. भिंतीला टेकलो तरी वाटतो, भिंत हालते." खालच्या मजल्यावरचे काका पण हेच म्हणतात. अतियाच्या घरात तर लहान मुलांना पण असं होतं. आम्ही सगळे आवाजातच जन्मलो, त्याला काय करणार.

मग बाबांना बरं वाटत होतं म्हणून त्यांनी हातवारे शिकवले. मला बरेचसे येतातच. कारखान्यात ओरडून काही ऐकू जात नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. धागा तुटला, पाणी आण, मालक आला. वर्गात आम्ही हेच करतो. धुमाळ सर समोर उभे असतात आणि त्यांच्या नाकाखाली आम्ही त्यांच्याबद्दलच बोलत असतो. त्यांना वाटतं, मुलं चुळबुळ करतायत.

एक खूण मात्र बाबांनी आजवर दाखवली नव्हती. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरायचे आणि झटकन बाजूला फाकायचे. त्याचा अर्थ, हातातलं टाका आणि बाहेर व्हा. ही खूण कुणी केली की कारण विचारायचं नाही, पळायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं चालत बाहेर. आणि ज्याने खूण केली त्यानेच परत आत बोलवायचं. एकदा वायर पेटल्याचा वास आला म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराने हात केले होते. दाऊदचाचा दारात उभे राहून हाका मारत होते, तरी एक माणूस आत गेला नाही. "मालकाचा आयकायचा न्हाय. हात करनाऱ्याचा आयकायचा." मी विचारलं, म्हाताऱ्याची चूक असती तर? बाबा म्हणाले, "मंग त्याचा तोंड काला. म्हनून तर कोन उगाच हात करीत न्हाय."

मी आरशासमोर करून बघितलं. आई ओरडली, "घरान न्हाय करायचा तसा!"

९ डिसेंबर, मंगळवार

कल्पेशला एक काम धड येत नाही.

हॉलच्या मागच्या भिंतीला एक तिरकी चीर आहे, दिसायला वाईट दिसते. त्यावर मी 'रोज चाला, निरोगी राहा' हा सगळ्यांत मोठा तक्ता लावून घेतला. आज सकाळी बघते तर तक्ता तिरका फाटलेला, वरपासून खालपर्यंत. दहावीच्या मुलांनीच फाडला असणार, त्यांना मेळावा मिळाला नाही म्हणून जळतात. कल्पेश म्हणतो, हॉलला कुलूप होतं. मग काय तक्ता आपोआप फाटला? नवीन कागद आणून पुन्हा लावायला सांगितला.

शिवाय फरशीवर रोज पांढरट भुकटी पडलेली असते. शेजारून रुई उडून येते, दुसरं काय. झाडून घेत जा म्हटलं तर म्हणतो, "रुई हाताला टोचत नाही, ही टोचते." कामचुकारांना कारणं बरी सुचतात.

हॉलचं दारही आज अर्ध्यात अडकलं. थंडीने लाकूड फुगलं असेल. सरांनी सुताराला निरोप दिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रंगीत तालीम. मुलं-मुलीच होतो फक्त. सूर्यनमस्कार बरे झाले. मग ढोलाच्या तालावर उड्या, त्यात अतिया पुढे आणि आम्ही मागे. सगळ्यांचे पाय एकदम पडले की फरशी असा काही झोका देते की अंगावर काटा येतो. छोटी मुलं तर थांबायलाच तयार नव्हती.

फक्त वजनकाट्याने डोकं फिरवलं. शाळेचा काटा जुना, गोल तबकडीचा. वर कुणी उभं नसताना सुई शून्यावर थांबली पाहिजे. थांबेचना. शून्याच्या अलीकडे-पलीकडे बारीक थरथरत राहिली. परवा मुलींची वजनं केली तेव्हाही हेच झालं होतं, पण तेव्हा शेजारी लूम चालू होते. नारपोलीत काय स्थिर असतं, म्हणून मी सोडून दिलं होतं. आज शुक्रवार, तरी तेच. म्हणजे काटाच बिघडलाय.

मी भिंतीवर तळहात ठेवून बघितला. हाताला पण थरथर लागली. अतियाला सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्या अंगातच असतं गं ते. माझे अब्बा तर जुम्म्याला भिंतीला टेकून बसत पण नाहीत." मग मला हसू आलं. आता बाबांसारखं मला पण झालं म्हणायचं.

फाटका तक्ता बदललेला होता. तो पुन्हा फाटलाय. त्याच जागी.

१३ डिसेंबर, शनिवार

काटा दुकानात नेला. बाजारपेठेत एक काटेवाला आहे, त्याने वजनं ठेवून बघितली, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "बेटा, काटा एकदम ठीक हाय. तुमच्या जागेत काही असेल." मी म्हटलं, जागा उत्तम आहे, नवीन फरशी आहे. मी एवढी अडून बसले की शेवटी त्याने मला घालवण्यासाठी स्प्रिंगला तेल घातलं आणि गुरुवारी न्यायला ये म्हणाला. ग्राहकाला असं उडवून लावतात का? पण मी पण सोडणारी नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

घरोघर आमंत्रणं. मी, अतिया आणि तिची अम्मी रुबीनाचाची. त्यांच्या गल्लीतल्या बायका आधी दारातूनच नाही म्हणायच्या. मग रुबीनाचाची म्हणायच्या, "ऊपर हॉल में है, परदा लगा है, सब औरतें हैं," की लगेच हो. आमच्या चाळीतल्या तर सगळ्याच येणार. जिथे जाईन तिथे मी सांगत होते, लहान मुलांना पण आणा, म्हाताऱ्यांना पण आणा, जिना चढवायला आमची मुलं आहेत.

बाबांना तयार करायला आज सगळं बळ लावलं. आधी रागावून पाहिलं, मग रडून पाहिलं. शेवटी म्हटलं, मी प्रमुख आहे आणि माझेच बाबा आले नाहीत तर लोक काय म्हणतील. बाबा खूप वेळ खोकले आणि म्हणाले, "बरा. पन मी कोपऱ्यान बसन."

ते आले की मी जिंकले. मग छत कोसळलं तरी चालेल, असं मी आईला म्हटलं. आईने पाठीत धपाटा घातला.

१८ डिसेंबर, गुरुवार

सगळी तयारी झाली. सुताराने हॉलच्या दाराचा खालचा भाग तासला, तरी सकाळी ते पुन्हा अडकलं. चौकटच वाकडी झालीय म्हणून त्याने दारच काढून ठेवलं. एका अर्थी बरंच झालं, गर्दीला यायला सोपं. खुर्च्या मागे रचल्या. गंमत म्हणजे कल्पेशचा टेनिस बॉल कुठेही ठेवला तरी घरंगळत हॉलच्या मधोमध येऊन थांबतो. मुलं तासभर तोच खेळ खेळत होती. मी सगळ्यांना कामाला लावलं.

काटा घेऊन घरी आले. उद्या मीच नेणार, कल्पेशच्या हाती देणार नाही.

पांढरा ड्रेस दोनदा इस्त्री केला. उद्या घालायचा.

१९ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी

आंघोळ झाली, पांढरा ड्रेस घातला. काटा फरशीवर ठेवून बघितला. सुई शून्यावर! जरासुद्धा हलत नाही. बाबांना उभं केलं, उतरले की पुन्हा सरळ शून्यावर. शेवटी तेलच लागत होतं ना? काटेवाल्याला ऐकवायला पाहिजे. आई-बाबा तयार होतायत, बाबांनी लग्नातला शर्ट काढलाय. मी पुढे निघते.

१९ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळी

सगळं लिहून ठेवते.

हॉल भरला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं. एका बाजूला बायका, मध्ये पडदा, दुसऱ्या बाजूला पुरुष. म्हाताऱ्या, तान्ही बाळं, सगळी. पाहुणे म्हणून माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष आले होते, ज्यांनी हॉल बांधून दिला तेच. भाषण झालं. आधी शवासन, मग ढोलावर उड्या, मग तपासणी, असा मीच क्रम लावला होता. बाबा कोपऱ्यात, माझ्या टेबलाजवळ आडवे झाले.

सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. सगळे पडून. कुणी खोकलंसुद्धा नाही. मी पण टेबलाशेजारी आडवी झाले. पाठीला फरशीची थरथर लागली आणि मला इतकं छान वाटलं, झोपच यायला लागली. घरी लूमच्या तालावर झोपते तसंच. मग मनात आलं, आज शुक्रवार आहे. मग मनात आलं, ती आपल्या अंगातली थरथर असेल. आणि मान वळवली तर समोर काटा. त्यावर कुणी नव्हतं. सुई थरथरत होती. मागच्या रस्त्याने गोदामाचा कंटेनर गेला तेव्हा मोठी झुलली, आणि तो गेल्यावरही थांबली नाही.

सकाळी घरी हीच सुई शून्यावर होती. काट्याच्या अंगात कुठला लूम?

मग मला सगळं एकदम दिसलं. तक्ता, दार, बॉल, भुकटी. मी उठून सरांकडे गेले. कानात सांगितलं, सर, काटा हलतोय, खाली चला. सर हळूच म्हणाले, "रुचिका, आत्ता काट्याचं नको." अतिया ढोलाच्या गाण्यासाठी उभी राहिली होती. कल्पेशचं बोट बटणावर होतं. ओरडले असते तर त्या एका जिन्यात काय झालं असतं, ते मला कळत होतं.

मी स्टेजवर चढले आणि हात केले. दोन्ही हात डोक्यावर आडवे, मग बाहेर.

अतियाने पहिल्यांदा बघितलं. तिने लगेच पडद्यापलीकडे बायकांना तसेच हात केले. बाबा उठून बसले. माझ्याकडे एकदाच बघितलं, विचारलं काहीच नाही, आणि शेजारच्याला हलवून तेच हात केले. मग हॉलभर हात. बायकांनी लेकरं उचलली, पुरुषांनी म्हाताऱ्यांना धरलं, चपला तिथेच ठेवून सगळे चालत जिना उतरले. अध्यक्ष "काय झालं, काय झालं" करत मागे आले.

मैदानात सगळे उभे राहिलो आणि वर बघत राहिलो. इमारत होती तशीच होती. खिडकीत माझे कागदी झेंडे हलत होते.

धुमाळ सर इतके चिडलेले मी कधी बघितले नव्हते. "काटा हलतो म्हणून तू शाळा रिकामी केलीस?" अध्यक्ष म्हणाले, आमच्या बांधकामावर संशय घेता का? सरांनी हात जोडून लोकांना सांगितलं, मुलीची चूक झाली, वर चला. एकही माणूस हलला नाही. सरांनी पुन्हा सांगितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे.

सर म्हणाले, "यांना बोलव. तुझंच ऐकतायत ना? बोलव."

मला बोलवायचं होतं. हे मी खरं लिहिते. एवढ्या दिवसांची मेहनत, डॉक्टरीणबाई पिशवी आवळून निघायच्या बेतात, अध्यक्ष फोनवर कुणाला तरी माझं नाव सांगतायत, आणि इमारत कशी सरळ उभी. एकदा हात आत वळवले असते की सगळं पुन्हा सुरू झालं असतं. बाबा म्हणालेले, मग त्याचं तोंड काळं. मी हात पाठीमागे घट्ट धरले आणि रडायला लागले. बोलावलं नाही.

"ठीक आहे," सर म्हणाले. "मी एकटा वर जातो आणि उड्या मारून दाखवतो. मग तरी तुमची खात्री पटेल." आम्ही सगळे ओरडलो. दाऊदचाचा हात धरायला गेले. सर गेलेच.

वरून धप्प असा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्याची वाट बघत राहिलो, तो आलाच नाही. इतका वेळ गेला की रुबीनाचाची कलमा पुटपुटायला लागल्या.

मग सर जिन्यातून आले. कठड्याला धरून, एकेक पायरी, पाय न वाजवता. केसात सगळी भुकटी. मैदानात येऊन ते मातीतच बसले. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "फरशी खाली गेली, रुचिका. आणि परत वर आली नाही."

नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं. "ती खूण परत दाखव. हळू." मी दाखवली. सरांनी तशीच करून बघितली.

डॉक्टरीणबाई थांबल्या. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून त्यांनी बाबांची छाती तपासली, बराच वेळ. उद्याच छातीचा फोटो काढा म्हणाल्या. बाबांनी मान डोलावली. एरवी मला केवढा आनंद झाला असता.

२० डिसेंबर, शनिवार

सर सकाळपासून शाळेच्या फाटकात उभे. येणाऱ्या प्रत्येक मुलाला हात करतायत, डोक्यावर आडवे, मग बाहेर. खूण चुकते त्यांची, कोपर वाकतं. पण कुणी हसलं नाही, सगळे मागे फिरले. सर म्हणाले, फोन केलेत, महापालिकेचे साहेब सोमवारी इमारत बघायला येतील.

गल्लीत दोन्ही बाजूंनी बोलणं चालू आहे. कुणी म्हणतं पोरीने वाचवलं, कुणी म्हणतं पोरीने शाळेची अब्रू घालवली. दोन-तीन मुलांनी मला 'काटेवाली' म्हणून हाक मारली. कल्पेशने त्यातल्या एकाला मारलं. कल्पेशची माफी मागायला पाहिजे, भुकटीबद्दल.

सरांनी दाऊदचाचांना सांगितलं, सोमवारपर्यंत कारखाना पण बंद ठेवा, भिंत एकच आहे. चाचा म्हणाले, "सर, भिंत एक नाही, दोन आहेत, मध्ये फट आहे. ऑर्डर उद्या संध्याकाळी जायची आहे. साहेब बोलले तर लगेच बंद करतो." चाचा वाईट नाहीत. काल तेच तर सरांचा हात धरायला गेले होते.

बाबा सकाळी फोटो काढून ड्युटीवर गेले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "तू हात शालेचं केलंस. कारखान्याचं कोनी केलं न्हाय."

बाबा रात्री परत आले. इमारत उभीच आहे. लूम दिवसभर चालू होते, तरी उभीच आहे. मला वाटायला लागलंय की मीच वेडी.

२१ डिसेंबर, रविवार

बाबा सकाळच्या शिफ्टला गेलेत.

मी अभ्यासाला बसले होते. आईने काल रात्री शर्ट झटकला नव्हता, दमली होती. आत्ता धुवायच्या आधी गॅलरीत झटकला. रुईचा ढग उठला नाही. टपटप आवाज झाला. मी बाहेर जाऊन बघितलं. रुईत गुंडाळलेले राखाडी खडे. काही नखाएवढे, काही मोठे. एक मी बोटांत धरून दाबला तर चुरा झाला आणि हाताला टोचला.

आई म्हणाली, "रुईन ह्यो खडं कशाचं?"

बाबांचा लूम शाळेच्या भिंतीकडचा आहे.

शेजारच्या मुलाला सायकलवर अतियाकडे पाठवलंय. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन मला एकटीला आत सोडणार नाही, मालकाच्या मुलीला सोडेल. ती येईपर्यंत लिहिते आहे, नाहीतर बसवत नाही. आई दारात उभी आहे, तिने चपला घातल्यात. शर्ट अजून तिच्या हातातच आहे.

काटा तिकडे वर हॉलमध्येच राहिला. आता बघायला कुणी नाही.

आणि मी चुकले तर? ऑर्डर जाईल, बाबांचं काम जाईल, अतिया माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. दोनदा खोटे हात करणारीला नारपोलीत कोण उभं करील? विचार करून डोकं दुखलं. खडा समोर वहीवर ठेवलाय.

खाली अतियाची हाक आली. ती धावत आली असणार, दम लागलाय. आत लूम चालू आहेत, आम्ही कितीही ओरडलो तरी कुणाला ऐकू जायचं नाही. हात दिसतील.